नवीन सुपरवायझर झालास, आता कोणत्या कॅप्टनकडे बघायचं?

"काका, सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खायचो त्यांचाच आता शिफ्ट सुपरवायझर झालोय, कोणी धड ऐकत नाही, जरा आवाज चढवला की म्हणतात बघ साहेब झाला, त्यात एक सेटर (मशीनवर टूल लावून काम जुळवून देणारा) माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तो तर माझ्याकडे बघतही नाही. तुम्ही सारखे क्रिकेटचे दाखले देता ना, मग सांगा, धोनीसारखं कूल राहू की कोहलीसारखं कडक होऊ?" असा तुझा प्रश्न. उत्तर लांब होणारे, चहा घेऊनच बस.

आधी माझा हिशोब सांगतो म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. ३१ वर्षं भोसरी आणि नंतर चाकणच्या मशीन शॉपमध्ये काढली, त्यातली २४ सुपरवायझर म्हणून, आणि मधली अकरा वर्षं कंपनीच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. टीम काही ग्रेट नव्हती, दर जानेवारीत इंटर-कंपनी टुर्नामेंट व्हायची, दोनदा सेमीफायनल, बाकी आनंदच. पण शॉपफ्लोअरवर माणसं सांभाळायला मी जे काही शिकलो ते निम्मं मशीनवर आणि निम्मं मॅच बघताना, हे मात्र खरं.

तर पहिली गोष्ट, ते कूल आणि कडक डोक्यातून काढून टाक. तो ज्याचा त्याचा स्वभाव आहे रे, ती काय कॅप्टनशिप नाही. धोनी गप्प उभा राहिला तर लोक म्हणतात काय डोकं चालतंय बघ, तू सोमवारी जाऊन तसाच गप्प उभा राहिलास तर लोक विचारतील बीपी लो झालंय का. आणि कोहलीसारखा ओरडलास तर पहिल्या दिवशी ऐकतील, दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तुझी नक्कल करतील. रोहित शर्माचंच बघ ना, स्टंप माईकमध्ये पकडलेल्या त्याच्या शिव्या अख्ख्या देशाला पाठ आहेत पण पोरं त्याच्यावर जीव टाकतात, का, तर तो बोरिवलीच्या पोराने बोलावं तसाच बोलतो, उसनं काही आणत नाही. तू जसा डबा खाताना बोलायचास तसाच बोल. आवाजाने काही होत नाही.

आता माझी फजिती ऐक. मी सुपरवायझर झालो १९९६ च्या शेवटाला, त्याच सुमारास तिकडे सचिन कॅप्टन झालेला, मला उगाच वाटायचं आमचं दोघांचं प्रमोशन एकत्र झालंय. मी शॉपमधला सगळ्यात चांगला सेटर होतो म्हणून मला सुपरवायझर केलं, दुसरं काही कारण नव्हतं. आणि मी काय केलं, तर सेटिंग करतच राहिलो. कोणी टूल बदलायला घेतला की मला वाटायचं हा वीस मिनिटं लावणार, सरक, मी पाच मिनिटांत करतो. सगळ्या मशीनवर मीच. पोरं बाजूला हातात चहाचा कप घेऊन उभी, अगदी आदराने बघतायत हां! मार्च १९९७ ला वेस्ट इंडीजविरुद्ध बार्बाडोसची टेस्ट झाली, सचिनने पहिल्या डावात ९२ मारल्या, शेवटी जिंकायला फक्त १२० हव्या होत्या आणि आपण ८१ ला ऑलआऊट. दुसऱ्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला तोंड पाडून आलो, आमचे फोरमन होते, वयस्कर, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ते म्हणाले तुला मॅचचं दुःख आहे ते ठीक, पण तुझ्या शिफ्टचं प्रोडक्शन तीन महिने खाली चाललंय त्याचं काय, तू सुपरवायझर आहेस का हेल्पर?

लागलं ते मला. सचिनची काय चूक होती आणि काय नव्हती यावर मी काही बोलणार नाही, त्याला मिळालेली टीम, सिलेक्शन, परदेशातले दौरे, शंभर गोष्टी होत्या. पण २५ टेस्टमध्ये कॅप्टन म्हणून फक्त ४ विजय हा आकडा सचिनच्या नावावर असू शकतो तर एक गोष्ट पक्की आहे, की स्वतः उत्तम खेळता येणं वेगळं आणि दहा जणांकडून खेळून घेणं वेगळं. हे दुसरं काम आपोआप येत नाही, सचिनलाही आलं नाही मग तू मी कोण.

त्या दिवशी दादांनी मला १९७१ चा किस्सा सांगितला, त्यांनी रात्री जागून रेडिओवर ऐकलेली ती सिरीज. वाडेकर नवीन कॅप्टन, तेही निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या कास्टिंग व्होटवर, पतौडीला बाजूला करून, म्हणजे तुझ्यासारखंच बघ, टीममधले निम्मे म्हणत असणार हा कशाला. पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजची दुसरी इनिंग चालू, सोबर्स आणि लॉईड आऊट व्हायचे बाकी. सलीम दुराणी मागे लागला, बॉल मला दे. वाडेकरने दिला. दुराणीने सोबर्सला शून्यावर बोल्ड काढला आणि लॉईडचा कॅच, तो घेतला कोणी तर खुद्द वाडेकरने. मॅच जिंकली, पुढे सिरीज जिंकली, मग त्याच वर्षी ओव्हलला इंग्लंडमध्ये पण. दादा म्हणाले, वाडेकर काही स्वतः बॉलिंग टाकायला गेला नाही, ज्याला टाकायची होती त्याला दिली आणि आपण कॅच घ्यायला उभा राहिला.

आणि आता मी तुला माझं स्वतःचं सांगतो, जे मला कळायला अजून दहा वर्षं गेली. क्रिकेटमध्ये एक नियम आहे ज्याकडे आपण नियम म्हणून बघतच नाही, तो म्हणजे ओव्हर सहा बॉलची असते आणि बॉलर जखमी झाल्याशिवाय किंवा अंपायरने थांबवल्याशिवाय मधेच बॉल काढून घेता येत नाही. पहिल्या बॉलला सिक्स बसो, वाईड जावो, कॅप्टनला वाटलं तरी त्याच्या हातात काही नाही, उरलेले बॉल त्याच्याकडूनच टाकून घ्यायचे. शॉपफ्लोअरला हा नियम नाही. तिथे आपण कधीही जाऊन म्हणू शकतो सरक मी करतो. सगळा घोळ तिथेच आहे!

२००७ ची टी-२० वर्ल्ड कपची फायनल आठव, जोहान्सबर्ग, शेवटच्या ओव्हरला पाकिस्तानला १३ हव्यात, समोर मिसबाह, हरभजनची एक ओव्हर शिल्लक होती तरी धोनीने बॉल दिला जोगिंदर शर्माला. पहिलाच वाईड. मग एक डॉट. मग सिक्स. चार बॉलमध्ये सहा हव्यात. आमच्या घरात तेव्हा माझा मेहुणा टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होता काढ त्याला काढ त्याला, अरे पण काढणार कसा, ओव्हर चालू आहे! धोनीला जी अक्कल लढवायची होती ती ओव्हर देण्याआधी, एकदा दिली की फील्ड लावायची, दोन शब्द बोलायचे आणि स्टंपच्या मागे जाऊन बसायचं. पुढच्या बॉलला मिसबाहने तो स्कूप मारला, श्रीशांतने पकडला, झालं. लोक म्हणतात काय डाव होता. मी म्हणतो डाव होताच, पण सिक्स बसल्यावर जोगिंदरच्या तोंडावर जो विश्वास राहिला तो कुठून आला ते बघ.

आता तू म्हणशील काका हे जिंकलेल्या मॅचचं सांगताय. बरोबर. मग हे घे, ३१ मार्च २०१६, वानखेडे, वेस्ट इंडीजविरुद्ध टी-२० वर्ल्ड कपची सेमीफायनल, शेवटच्या ओव्हरला ८ हव्यात आणि याच धोनीने बॉल दिला विराट कोहलीला. कोहली, बॉलर! त्याने आधी एक विकेट काढली होती म्हणून. हरलो. तोच कॅप्टन, तीच तऱ्हा, एकदा कप आला आणि एकदा घरी बसलो. जोगिंदरची गोष्ट सगळे सांगतात, वानखेडेची कोणी सांगत नाही. म्हणून तुला आधीच सांगून ठेवतो, तू विश्वास टाकलास की लगेच प्रोडक्शन वाढेल असं काही नाही, कधीकधी रिजेक्शन वाढतं, महिनाअखेरीला वाढलं तर साहेबांच्या शिव्या तुलाच बसणार. ते धरून चालायचं.

२ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवरची बायकांची वर्ल्ड कप फायनल बघितलीस का? मी नेरुळला बहिणीकडे होतो, तिकीट काही मिळालं नाही पण आवाज घरापर्यंत येत होता. २९८ केल्यात आपण, दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ड्ट जमलीये, बरोबर लुस, पार्टनरशिप वाढतेय, आणि हरमनप्रीतने बॉल दिला शेफालीला. शेफाली मूळ टीममध्येच नव्हती रे, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐनवेळी बोलावलेली. बॅटिंगला आली, ८७ मारल्या. बॉलिंग म्हणशील तर कधीमधी. तिने लुसला स्वतःच्याच बॉलिंगवर पकडलं आणि पुढच्या ओव्हरला कॅपला काढलं. मी सोफ्यावरून उठलोच, बहीण म्हणाली गुडघे सांभाळा. हरमनप्रीतने नंतर सांगितलं आतून वाटलं म्हणून दिली. मला विचारशील तर आतून वाटणं म्हणजे काही देवाचा कौल नसतो, त्या दिवशी तिने त्या पोरीची बॅटिंग बघितली होती, आज हिचा दिवस आहे हे तिच्या चालण्यावरून दिसत होतं, आणि कॅप्टन हे बघत होती. तू शिफ्ट चालू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं रिपोर्ट भरत बसतोस ना, ते नंतर कर. गेटवर उभा राहून कोण कसा चालत येतोय ते बघ. कोणाच्या घरी रात्री भांडण झालंय, कोणाच्या पोराला ताप आहे, कोण खुशीत आहे, सगळं चालण्यात दिसतं. मग कोणाला कोणत्या मशीनवर टाकायचं ते आपोआप सुचतं.

जागा बदलण्यावरून अजून एक. सेहवाग मधल्या फळीतला, पहिल्याच टेस्टला सहाव्या नंबरवर सेंच्युरी मारलेला माणूस, त्याला २००२ ला गांगुलीने सांगितलं ओपनिंग कर, तेही इंग्लंडमध्ये. कोण खूश होईल? पण सेहवागनेच नंतर सांगितलंय की गांगुलीने शब्द दिला होता, काही इनिंग देतो, नाही जमलं तर बाहेर काढायच्या आधी मधल्या फळीत पुन्हा संधी देईन. लॉर्ड्सला ८४ मारल्या पठ्ठ्याने. आपण काय करतो, ऑपरेटरला लेथवरून उचलून व्हीएमसी नावाच्या वेगळ्याच मशीनवर टाकतो आणि सांगतो जमव. अरे जमलं नाही तर काय ते पण सांग ना. माणूस नवीन कामाला घाबरत नाही, जुनी जागा पण जाईल याला घाबरतो.

याच्या उलट मुलतान. २००४, द्रविड त्या टेस्टपुरता कॅप्टन, सचिन १९४ वर आणि डाव घोषित. आपण एक डाव आणि ५२ धावांनी जिंकलो, तरी वीस वर्षं झाली लोक अजून भांडतायत. मी द्रविडच्या बाजूचा आहे, टीम आधी. पण सचिनला वाईट वाटलं हे त्याने लपवलं नाही आणि ते वाटणारच. मी एकदा माझ्या अगदी जवळच्या मित्राचा ओव्हरटाईम ऐन दिवाळीच्या महिन्यात कापला, नियमाने बरोबर होतं, पण त्याला बोर्डावर वाचून कळलं. मी जाऊन सांगायला हवं होतं, आदल्या दिवशी, चहा पिताना. कालचे मित्र आज हाताखाली आले की ही चूक सगळ्यात आधी होते, तोंडावर सांगायला लाज वाटते म्हणून आपण कागदाच्या मागे लपतो. तू लपू नकोस.

बरं, आता मला सांगायला नको वाटतं ते सांगतो.

२००९ ची गोष्ट. महिनाअखेर, डिस्पॅचची गाडी गेटला लागलेली, एक कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर होता, हुशार, वीस-एकवीसचा. इन्सर्ट (टूलचं पातं) बदलला, ऑफसेट (टूलच्या मापातला फरक) टाकला, म्हणाला साहेब ड्राय रन, म्हणजे जॉब न कापता रिकामी फेरी, घेतो. मी म्हणालो वेळ नाही, चालव. त्याने प्लसच्या जागी मायनस टाकला होता, टूल धरणारा टरेट जाऊन जॉब धरणाऱ्या चकवर आदळला. आवाज आला तेव्हा मी दुसऱ्या टोकाला होतो, तिथेच पोटात गोळा आला. मशीन चार दिवस बंद. रिपोर्ट मी लिहिला. त्यात लिहिलं ऑपरेटरची चूक, चुकीचा ऑफसेट. खोटं नव्हतं. ड्राय रन कोणी नको म्हणाला ते फक्त लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. तो पण काही बोलला नाही, मला वाटतं त्याला वाटलं असेल साहेब सांभाळून घेतील.

अकरा वर्षं मी हे कोणाला बोललो नाही. मग डिसेंबर २०२० ला मेलबर्न टेस्ट. तू पाहिलीच असशील, अ‍ॅडलेडला ३६ ला ऑलआऊट, कोहली घरी परत आलेला, शमीचा हात मोडलेला, आणि कॅप्टन आपला डोंबिवलीचा रहाणे. त्याने सेंच्युरी मारली, ११२ वर खेळतोय, जडेजा ४९ वर. जडेजाने फिफ्टीसाठी चोरटी रन काढली आणि रहाणे रनआऊट. कॅप्टन, सेट झालेला, दुसऱ्याच्या फिफ्टीपायी. मी बघत होतो आता हा काय करतो. तो जडेजाजवळ गेला, पाठीवर थाप मारली, तू खेळत राहा असं काहीतरी बोलला आणि आत गेला. आणि लक्षात घे, आदल्याच टेस्टमध्ये कोहली ७४ वर असताना याच रहाणेच्या कॉलवर रनआऊट झाला होता, म्हणजे दुसऱ्याला रनआऊट केल्यावर पोटात काय होतं हे त्याला दहा दिवसांपूर्वीच कळलेलं. जडेजाने फिफ्टी पूर्ण केली, मॅच जिंकली, आणि पुढे ब्रिस्बेनच्या गॅबाला निम्मी टीम जायबंदी असताना सिरीज पण जिंकली, आपला पालघरचा शार्दूल आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी तिथे सातव्या विकेटला १२३ जोडल्या. असली माणसं अशीच उभी राहत नाहीत रे. कोणीतरी आधी रनआऊट होऊन पाठीवर थाप मारलेली असते.

मी त्या पाठीवरच्या थापेला टीव्ही बंद केला आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. बायकोला वाटलं मॅच हरलो.

तो पोरगा आता भोसरीतच आहे, स्वतःच्या दोन मशीन टाकल्यात, जॉबवर्क करतो. मागे एकदा भेटला, अजून साहेबच म्हणतो. त्याच्याकडे मशीनला मोठ्या अक्षरात लिहून लावलंय, ड्राय रन घेतल्याशिवाय सायकल स्टार्ट करू नये. मी वाचलं, तो माझ्याकडे बघत होता, मी चहा संपवला. त्याला जे बोलायचं ते अजून बोललो नाहीये.

तुझ्या त्या मोठ्या सेटरचं राहिलं. १९३२ ला आपण पहिली टेस्ट खेळलो, लॉर्ड्सला, २५ जून, (कपिलने कप उचलला तो पण २५ जून आणि तेच लॉर्ड्स, ५१ वर्षांनी, हे असंच सांगतोय). त्या टूरचे कॅप्टन होते पोरबंदरचे महाराज. त्यांना स्वतःला बॅटिंग येत नव्हती आणि महत्त्वाचं म्हणजे ते त्यांना माहीत होतं. टेस्टला ते बाजूला झाले आणि कॅप्टन केलं सी. के. नायडूंना, नागपूरचा माणूस. चार वर्षांनी १९३६ ला विझी, म्हणजे विजयनगरमचे महाराजकुमार, गेले कॅप्टन म्हणून, त्यांनाही फारसं खेळता येत नव्हतं पण ते त्यांना मान्य नव्हतं, आणि त्या टूरवर लाला अमरनाथसारख्या माणसाला मधूनच घरी पाठवलं. दोघंही राजघराण्यातलेच. तुला काय व्हायचंय ते ठरव. तो सेटर तुझ्यापेक्षा चांगला आहे ना, मग त्याच्याशी चढाओढ कशाला, सेटिंगमध्ये त्याचा शब्द शेवटचा असं सगळ्यांसमोर सांगून टाक. तुझं काही कमी होत नाही, पगार तोच राहतो.

आणि मॅनपॉवर कमी देतात, माझ्या आवडीची माणसं देत नाहीत, हे रडगाणं लावू नकोस, ते सगळ्यांचंच आहे. १९५८-५९ ला वेस्ट इंडीजविरुद्ध एका सिरीजमध्ये आपले चार कॅप्टन झाले, उम्रीगरने तर टीममधल्या एका जागेवरून बोर्डाशी वाजलं म्हणून मॅचच्या आदल्या रात्री कॅप्टनपद सोडलं. तुला सोडून चालणार नाही, होम लोनचे हप्ते आहेत.

सोमवारी तुझी सेकंड शिफ्ट आहे म्हणालास. तर सगळ्यात अवघड जॉब कोणता चालू आहे तो बघ, त्याचं सेटिंग त्या मोठ्या सेटरला विचारून कोणा एका पोराला दे, नाव घेऊन सांग की हे आज तुझं, ड्राय रन घे, फर्स्ट पीस दाखव, अडलास तर ये. आणि मग दहा पावलं लांब जाऊन उभा राहा. तो वीस मिनिटं लावेल. तुझे हात शिवशिवतील. मी हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहायचो, पोरांना वाटायचं साहेब राऊंड घेतायत.